निघण्याआधी कॉक बघावा

मी, खाली सही करणारी, धंद्याने चष्म्याच्या काचा घासणारी, विधवा, एका मुलीची आई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसं म्हणता येणार नाही. किडन्यांनी मान टाकली आहे आणि डॉक्टर हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात, त्यावरून काय ते मी समजले. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. लावायला घरात आहे कोण? एक मुलगी. तिला माझ्याकडून फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे: काका घरात का येत नाहीत? ते उत्तर पुढे येईल. हे वाचलं जाताना माझा दीर समोर असला पाहिजे. नसला तर बोलावून आणावा, आणि मगच पुढे वाचावं.

१. दोन खोल्यांचं हे घर मुलीला. न्हाणीघराचा नळ उजवीकडे जोर लावून पिळला तरच बंद होतो. तो दुरुस्त करायला जाऊ नये, मी दोनदा गेले आणि दोनदा पस्तावले.

२. बँकेत औषधांतून जे काही उरेल तेही मुलीला.

३. माझी हत्यारं, म्हणजे काचा कापायची हिऱ्याची लेखणी, कडा घासायचा दगड आणि पॉलिशची चाकं, दुकानात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईला. तिचा हात हलका आहे. दुकानाच्या मालकाला काही नाही. नवरा जाऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा त्याने माणूस पाठवून विचारलं होतं, "कधीपासून येताय?" त्याला माझी बातमीसुद्धा सावकाश कळवावी.

४. नणंदेने या घरातली कोणतीही वस्तू मागू नये. तिला हवं होतं ते, म्हणजे माझ्या नवऱ्याचं घड्याळ आणि रेनकोट, तिने रडता रडता पिशवीत भरलं होतं. ते तिलाच लखलाभ.

५. स्कूटर मुलीला. या गाडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिची केली तेवढी सेवा मी माणसाचीही केलेली नाही.

ही स्कूटर माझ्या नवऱ्याने एका निवृत्त ग्रंथपाल बाईंकडून जुनी घेतली. "घर ते वाचनालय, बस्स, एवढीच चालवलीय हो," असं त्या म्हणाल्या होत्या. गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं आणि म्हणाला, "मग वाचनालय बरंच लांब असणार." पिस्टन बदलावा लागला. तरीही नवरा खूश होता. बसच्या रांगेत उभं राहून त्याचे पाय भरून यायचे. स्कूटर आली आणि माणूस शिट्टी वाजवत घरी येऊ लागला.

मुली, तुला सगळं येतं, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. थंड इंजिनला चोक ओढून किक मारावी आणि त्या वेळी ॲक्सिलरेटर पिळू नये, फ्लड होते, पेट्रोल जास्त होऊन गाडी सुरूच होत नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मापानेच घालावं, अंदाजाने नाही. प्लग काळा पडला तर पॉलिश पेपरने घासावा. मागचा ब्रेक चिरकायला लागला की त्याच दिवशी गॅरेज गाठावं, उद्यावर टाकू नये. काहीही उद्यावर टाकू नये.

आणि कॉक. सीटखाली पेट्रोलचा कॉक आहे. टाकीतलं पेट्रोल संपत आलं की गाडी फुरफुरते. मग तो कॉक रिझर्व्हवर फिरवायचा, तळाशी राखलेलं थोडं पेट्रोल मिळतं आणि त्यावर पंपापर्यंत जाता येतं. पेट्रोल भरलं की कॉक परत फिरवायचा. विसरलं तर पुढच्या वेळी गाडी फुरफुरत नाही, एकदम मरते. राखलेलं असं काही उरलेलंच नसतं.

६. आता दीर.

माझा नवरा त्याला 'साहेब' म्हणायचा, कारण धाकटा असून हुकूम त्याचेच चालायचे. साहेबांना चहा, साहेबांना टॉवेल, साहेबांना स्कूटर. दुसरी किल्ली त्याच्याच खिशात असे. "दादा, जरा नेतो रे" म्हणायचा आणि पेट्रोल जाळून आणायचा. मी कुरकुरले की नवरा म्हणायचा, "जाऊ दे गं, साहेब आहेत."

त्या संध्याकाळीही त्याने स्कूटर नेली आणि आणून जिन्याखाली लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची दाढी अर्धी झाली होती आणि त्याच्या छातीत कळ आली. मी म्हटलं, कोणाची तरी गाडी बघते. म्हणाला, "उगाच गाजावाजा नको. स्कूटर आहे की." मला तेव्हा चालवता येत नव्हती. माझा नवरा स्वतःच्या मरणाकडे स्वतः गाडी चालवत निघाला आणि मी मागे बसले होते. त्याचा शर्ट घामाने इतका भिजला होता की माझा गाल ओला झाला.

पुलाच्या चढावर गाडी मेली. त्याने वाकून कॉक चाचपला. तो आधीच रिझर्व्हवर होता.

मग त्याने केलं ते सगळेच करतात. स्कूटर तिरकी केली, तळाचे चार थेंब सरकावे म्हणून, आणि किक मारू लागला. मी त्याचा हात धरून ओरडत होते, "सोडा ती, सोडा!" गाड्या बाजूने जात होत्या. तो किक मारतच राहिला. मग फुटपाथवर बसला आणि पुन्हा उठला नाही.

नंतर गॅरेजवाल्याने गाडी आणून दिली आणि म्हणाला, "ताई, टाकी कोरडी ठणठणीत होती." मी म्हटलं, "हे कोणाला सांगायचं नाही." त्याने सांगितलं नाही. मी दिराकडून दुसरी किल्ली मागून घेतली आणि त्याला घराबाहेर ठेवलं. का, ते बोलले नाही. बोलले असते तर त्याने पाय धरले असते आणि मला ते नको होतं.

तो रविवारी येतो. जिन्यावर बसतो, पुतणीशी बोलतो, जातो. स्कूटर चालवायलाही तिला त्यानेच शिकवलं, आणि मला तिने. एकदा तिने मला विचारलं, "आई, काका आत आले तर काय होईल?" मी म्हटलं, "मी बाहेर जाईन."

पण मी रोज टाकीचं झाकण उघडून आत बघते. ती सवय त्या दिवसापासून लागली. रविवारी सकाळी टाकी अर्धी असते. सोमवारी गळ्यापर्यंत भरलेली असते. मुलगी भरत नाही, तिला विचारलंय. म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत आहे. इतकी वर्षं तो बाटलीतून पेट्रोल ओतून जातो, चोरासारखा, आणि मी ते वापरते.

त्याने मला एकच गोष्ट विचारली आहे. दवाखान्याच्या दारात विचारली, नंतर मुलीच्या तोंडून कितीदा तरी. "वहिनी, दादा शेवटचं काय बोलला?" मी प्रत्येक वेळी सांगितलं, काही नाही.

७. दादाचे शेवटचे शब्द मी दिराला देते.

वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात." मी म्हटलं, "मालमत्ताच आहे. आजवर माझ्या एकटीच्या ताब्यात होती."

दिरा, हे आता तुलाच सांगते. कॉक चाचपून तो म्हणाला, "साहेबांनी आधीच फिरवून ठेवलाय की!" आणि हसला. वेदनेनं ओठ पांढरे पडलेले आणि हा माणूस हसला, तू त्याच्या ताटातला शेवटचा घास पळवल्यावर हसायचा ना, तसा. रागाचा लवलेश नव्हता. राग सगळा माझा होता. ते हसू मी तुला दिलं नाही, कारण तेवढंच माझ्याकडे उरलं होतं आणि तुला हलकं करायला मी ते का खर्चावं? याबद्दल मी क्षमा मागत नाही. तुला माफ केलं असंही वर कुठे लिहिलेलं नाही, वकिलांनी तसा अर्थ काढू नये. पण माझ्यामागे पोरीला माणूस पाहिजे, आणि तुझ्याशिवाय कोणी नाही.

८. इथपर्यंत वाचून झाल्यावर मुलीने काकाला आधी पाणी द्यावं. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवावं. ती दादाची खुर्ची आहे हे त्याला माहीत आहे. रडू द्यावं. मग स्कूटरची दुसरी किल्ली त्याच्या हातात द्यावी. ती पिठाच्या डब्यामागे आहे.

यापुढे पेट्रोल दिवसाढवळ्या भरावं. निघण्याआधी कॉक बघावा.

स्थळ: माझं घर, खिडकीजवळचं टेबल.
वार: सोमवार. तारीख वकील घालतील.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार: तळमजल्यावरची शिंपीण. माझ्यासमोर सही झाली. बाई शुद्धीत आहेत.

साक्षीदार: गॅरेजवाला. माझ्यासमोर सही झाली. ताईंच्या सांगण्यावरून खाली जाऊन स्कूटर पाहिली. कॉक बरोबर आहे. टाकी भरलेली आहे.