मेव्हण्याचं मशीन

४ सप्टेंबर १९८८, सकाळी ९
मशीन आलं. कौसल्याचा धाकटा भाऊ रविंद्र न्यूजर्सीला असतो, त्याच्या मित्राने विमानातून आणून दिलं. ब्रीफकेससारखं उघडतं. खाली टाइपरायटर, वर काच. मांडीवर घेऊन काम करायचं असतं म्हणे. घेतलं. मांडीला मुंग्या आल्या. सवयीने जाईल.

दुपारी ४
अमेरिकेची लाइट आपल्यापेक्षा कमी दाबाची, म्हणून सीताबर्डीहून ट्रान्सफॉर्मर आणला. पाट्यापेक्षा जड आहे. बटण दाबताच काचेवर इंग्रजीत अक्षरं उमटली: डिस्क घाला. एवढंच. म्हणजे नव्वद टक्के काम झालं.

कौसल्या म्हणाली की रविंद्रच्या हापिसात हे फेकून देऊन राहिले होते म्हणून तुम्हाले पाठवलं. भावाचं कौतुक तिला कधीच नाही.

५ सप्टेंबर
ऑफिस. बियाणे संघात मला पंचवीस वर्षं झाली, त्यातली आठ नागपुरात. नोव्हेंबरमध्ये बदल्या. यादीत माझं नाव पहिलं आणि गाव सिरोंचा, पार जंगलापलीकडचं टोक, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत. पुष्पलता यंदा दहावीत आहे. तिला सोडून जायचं म्हटलं की माझा घास उतरत नाही. हे कुणाला सांगत नाही, इथे लिहितो.

साहेबांकडे गेलो. म्हणालो, घरी कॉम्प्युटर बसवतो आहे, पंधरा दिवसांत संघाचा सगळा स्टॉक एका बटणावर. साहेब म्हणाले की इथंच, हेड ऑफिसात कॉम्प्युटर सेक्शन निघणारच आहे, तुम्हाले येत असेल तर तुम्हाले काहून हलवू, फक्त एकदा चालवून दाखवा.

प्रश्न सुटला. मशीन तेवढं चालू व्हायचं आहे.

११ सप्टेंबर
रामदासपेठेत रुपराव सरांच्या कॉम्प्युटर क्लासला मशीन नेलं. सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, असं मशीन आपण पाह्यलंच नाही, आपल्याकडे याले कोणी ओळखत नाही. मशीनला अक्कल देणारी एक डिस्क असते, तिला डॉस म्हणतात. ह्या कंपनीच्या मशीनला तिचीच डॉस लागते. आणि क्लासमधल्या डिस्का हाताच्या पंज्याएवढ्या, लवलवीत. माझ्या मशीनचं तोंड काडेपेटीपेक्षा थोडंच मोठं.

घडी घातली तर चालेल का, असं मी निव्वळ तात्त्विक पातळीवर विचारलं. सरांनी पाणी मागवलं. ते स्वतःच प्यायले.

१२ सप्टेंबर
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून एक तास कॉम्प्युटरचं पुस्तक.

१३ सप्टेंबर
आज गणपती बसले. उद्यापासून.

१८ सप्टेंबर
लायब्ररीतून पुस्तक मिळालं. त्यातला कॉम्प्युटर एका हॉलएवढा आहे. सहा पानं वाचली. दुपारी जड वाचन करू नये, झोप लागते.

२० सप्टेंबर
रविंद्रला पत्र टाकलं. डॉस पाठव. विमानाचं तिकीट लावलं.

३ ऑक्टोबर
साहेबांनी विचारलं, कुठवर आलं. म्हणालो, शेवटच्या टप्प्यात. मशीनवर धूळ बसू नये म्हणून कौसल्याने अभ्रा घातला आहे. त्यावर पुष्पलता भूगोलाची वही ठेवते.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळी
रजिस्टरने पाकीट आलं. आत बिस्किटाएवढी कडक डिस्क. रविंद्रने लिहिलंय: भावजी, ही एकच शिल्लक होती, कंपनी बंद पडली, जपा.

कौसल्या म्हणाली, घाला एकदाची. मी तिला समजावलं की परवा खंडेनवमी. संघात आपण वजनकाट्यांचीसुद्धा पूजा केल्याशिवाय काटा हलवत नाही. हा तर कॉम्प्युटर आहे. सायन्स असलं तरी रीत ती रीत.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाटावर मशीन, शेजारी कौसल्याची विळी आणि पुष्पलताचा कंपास. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मग डिस्क. पण नुसत्या वेष्टनाची पूजा करण्यात काय अर्थ? डिस्कला पत्र्याचं छोटं सरकतं दार असतं. ते सरकवलं. आत तपकिरी चकती, हीच खरी डॉस. तिला हळद, कुंकू आणि दोन अक्षता वाहिल्या. दार लावलं. डिस्क मशीनमध्ये घातली.

मशीन करकरलं. काचेवर: डिस्क घाला.

घातली आहे. पुन्हा घातली. चार वेळा घातली. अमेरिकन माल पूर्वीसारखा राहिला नाही.

कौसल्या म्हणाली, तुम्ही त्याच्या पोटात कुंकू घातलं, ते कशाले चालते. बायकांना टेक्निकल बाबी कळत नाहीत.

२० ऑक्टोबर, दसरा
सोनं देताना भेटेल त्याने मशीनचं विचारलं. झाल्यातच जमा आहे, असं सांगितलं. नंतर रुपराव सरांना शोधत दीक्षाभूमीवर गेलो. दरवर्षी आजच्या दिवशी ते तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर असतात. गर्दी एवढी की मीच त्यांच्यापर्यंत ढकलला गेलो. कुंकू आणि अक्षता हे दोन शब्द ऐकून त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मग म्हणाले, मधुकरराव, आम्ही मशीन नुसती पुसतो, तुम्हीबी तेवढंच करत जा. दोन पुस्तकं घ्यावी लागली. दोन्हीत डॉसबद्दल काही नाही.

२४ ऑक्टोबर
साहेबांनी तारीख दिली. ४ नोव्हेंबर, दुपारी तीन, त्यांच्या केबिनमध्ये. मी होकारार्थी हसलो.

आज भाजी खारट होती. पुष्पलता म्हणते नव्हती.

२९ ऑक्टोबर, शनिवार
ऑफिसात यमुताई टायपिस्ट आहेत, बावीस वर्षं झाली. दर शनिवारी त्या टाइपरायटरची अक्षरं स्पिरिटने धुतात, टाचणीने ई आणि ओच्या पोटातली शाई काढतात. आज मशीन ऑफिसात नेलं होतं, त्यांना सहज डिस्क दाखवली. त्यांनी दार सरकवून पाहिलं आणि विचारलं की हे कोण्या शहाण्यानं केलं. म्हणालो, अमेरिकेहूनच अशी आली.

यमुताईंनी ब्लेडने वेष्टनाची कड उघडली, चकती बाहेर काढून पाण्याने धुतली, मलमलीच्या फडक्यात टिपली, पंख्याखाली वाळवली आणि परत घालून चिकटपट्टी लावली. मशीनच्या तोंडातही काडीला कापूस गुंडाळून स्पिरिट फिरवलं. आतून एक अख्खी अक्षता निघाली. अमेरिकेत तांदूळ पिकतो, हे मी त्यांना सांगितलं.

मग बटण दाबलं. करकर नाही. काचेवर इंग्रजी ए उमटला, पुढे बाण, त्यापुढे लुकलुकणारी रेघ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठ आठवडे. यमुताईंनी विचारलं, आता काय करते हे? मी म्हणालो, आता तयार आहे. कशाले, असं त्यांनी विचारलं. त्यांचा स्वभावच खोचक.

सारांश: माझ्या देखरेखीखाली मशीन चालू झालं.

३ नोव्हेंबर
दोन हुकूम शिकलो. एकाने डिस्कवरच्या नावांची यादी येते, दुसऱ्याने तारीख. मशीनच्या मते आज १ जानेवारी १९८० आहे. तेवढं साहेबांना दाखवणार नाही.

४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
विजय. तपशिलाने लिहितो.

यादी दाखवली. साहेबांनी विचारलं, यात सोयाबीन कुठं आहे? म्हणालो, आत. ज्वारी? तीही आत. साहेब घड्याळ पाहू लागले. माझ्या डोळ्यांपुढे पुष्पलता आली. आणि लाइट गेली. पंखा थांबला, टेबललॅम्प विझला. मशीन चालूच.

संधी साधली. म्हणालो, साहेब, ह्याले लाइट लागतच नाही, बॅटरीवर चालते, चार-चार तास. साहेबांनी चष्मा काढून पुसला. पहिल्यांदाच नीट पाहिलं. जीपमधे नेता येते का? म्हणालो, जीप कशाला, बैलबंडीत न्या. पावसाळ्यात आठ दिवस लाइट नसली तं? म्हणालो, ह्याला फरकच पडत नाही. साहेबांनी उभं राहून हात मिळवला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

येताना जिलेबी आणली. कौसल्याला म्हणालो, सिरोंचा विसर.

७ नोव्हेंबर
ऑर्डर आली. सिरोंचा डेपोत विजेचा भरवसा नसल्यामुळे विजेशिवाय चालणाऱ्या यंत्राचे संघातील एकमेव जाणकार म्हणून माझी तिथे खास नेमणूक. यंत्रासह. मुदत नेहमीच्या तीनऐवजी पाच वर्षं. हेड ऑफिसच्या सेक्शनला मोठं, लाइटवरचं मशीन येणार. ते यमुताई पाहतील.

केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगून टाकलं. साहेब, मले काही येत नाही. ए येतो आणि बाण येतो, पुढचं काहीच येत नाही. डिस्क मीच बिघडवली, यमुताईंनी दुरुस्त केली. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मधुकरराव, एवढं येऊन इतका नम्र माणूस मी पाह्यला नाही, सिरोंच्याले असाच माणूस पाहिजे.

एस.टी. परवा सकाळी सहाची. ऐन दिवाळीत. पुष्पलता जेवली नाही. मीही नाही.