आत नऊशे अकरा, बाहेर नऊशे अकरा

प्रिय ठके,

आधी एवढं वाच आणि मग खुर्चीवर नीट टेकून बस: भिंगरी ठणठणीत आहे. मी हे लिहितेय आणि ती माझ्यासमोर जमिनीवर पालथी पडून घोड्याचं चित्र काढतेय. घोड्याला पाच पाय झालेत. एक जादा असू दे, पडला तर उपयोगी येईल म्हणाली. म्हणजे लेक तुझीच आहे, त्यात शंका नको. आता पुढचं सावकाश वाच, आणि भिंगरीच्या इथल्या शाळेच्या प्रवेशाच्या फॉर्मवर अजून सही केली नसशील तर पत्र संपेपर्यंत पेनाला हात लावू नकोस.

तू म्हणशील, आईला फोन का नाही करता आला. करता आला असता. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की मी मधली वाक्यं गाळते, हे तुलाही ठाऊक आहे. रविवारी संध्याकाळी तू फोन केलास आणि आजी-नातीनं दिवसभर काय केलं असं विचारलंस, तेव्हा मी मजा केली म्हणाले. मग भिंगरीनं फोन घेतला आणि तीही मजा केली म्हणाली, अगदी माझ्याच सुरात. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय जुनी आहे. ती सात वर्षांच्या पोरीनं एका दिवसात उचलली, हे ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली. आज बुधवार. शनिवारी तू तिला न्यायला येशील, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

रविवारी आमच्या संग्रहालयात कुटुंबांसाठी मोफत दिवस होता. तू लहान असताना हे संग्रहालय नव्हतं, ती नुसती बंद पडलेली बर्फाची फॅक्टरी होती. आता तिथे गावाचा इतिहास मांडलाय: जुने फोटो, बर्फ कापायच्या करवती, लाद्या उचलायचे लोखंडी चिमटे, आणि अगदी शेवटी बर्फ साठवायची ती थंड खोली, आता नावापुरतीच थंड. एरवी दिवसाला पंधरा माणसं आली तरी आमच्या क्युरेटरबाई खूश असतात. पण फुकटचं ते पौष्टिक! त्या दिवशी आजोबा, आत्या, जावई, बाबागाडीतली जुळी, सगळा गोतावळा लोटतो. मी दारावर असते. येणाऱ्यांसाठी उजव्या हातात माणसं मोजायची एक टकटकी आणि जाणाऱ्यांसाठी डाव्या हातात एक. माणूस आलं की दाबायची, गेलं की दाबायची, कडेवरचं तान्हंसुद्धा एक धरायचं. पाच वाजता दोन्ही आकडे जुळले की मुख्य बटण बंद आणि दाराला कुलूप. नऊ वर्षं हे काम करतेय आणि नऊ वर्षांत माझा आकडा कधी चुकला नाही. मला त्याचा भारी तोरा होता, ठके.

त्या थंड खोलीबद्दल तुला नीट सांगायला हवं. दार वीतभर जाड आहे, आतून सगळं बुचाचं अस्तर. वितळलेलं पाणी वाहून जावं म्हणून तिथली फरशी उतरती केलेली, दाराची चौकटही तशीच कललेली, त्यामुळे दार मोकळं सोडलं की आपोआप मिटतं आणि बाहेरची कडी खट्‌कन बसते. आतली कडी कुठल्या जमान्यात मोडलीय. बाहेरची काढून टाका म्हणून क्युरेटरबाईंनी तीनदा लिहिलं, तीनदा पुढच्या महिन्यात बघू असं उत्तर आलं. तोवर म्हणून एक लाकडी पाचर आहे, लाल दोरी बांधलेली. सकाळी आल्या आल्या माझं पहिलं काम ते, पर्स ठेवायच्याही आधी दाराखाली पाचर ठोकायची. त्या रविवारीही मी ती ठोकली होती, हे तुला शपथेवर सांगते.

दुपारी दोनला मला पंधरा मिनिटांची सुट्टी मिळाली, दोन्ही टकटक्या क्युरेटरबाईंकडे देऊन मी भिंगरीला बघायला आत गेले. मुलांना चित्रं काढायला एक टेबल मांडलं होतं, त्याचा एक पाय आखूड. टेबल डगडगत होतं, रंगाचं पाणी सांडत होतं, एक पोरगं रडत होतं आणि त्याची आई माझ्याकडेच बघत होती. मी चार पावलांवरच्या थंड खोलीपाशी गेले, पाचर काढली आणि टेबलाच्या पायाखाली सारली. दाराला आधाराला एक खुर्ची लावली. पाच मिनिटांत दुसरं काहीतरी शोधू आणि पाचर परत ठेवू, असं मनात म्हटलं. मग दारावर गर्दी झाली म्हणून बाईंनी हाक मारली, आणि मी गेले. बाकी कुणाचाही यात दोष नाही. पाचर मी काढली.

पाच वाजता आत नऊशे अकरा, बाहेर नऊशे अकरा. मी दोन्ही हात उंच करून बाईंना दाखवले, शाळेत पहिला नंबर आल्यासारखे. इलेक्ट्रिशियननं मुख्य बटण पाडलं. मी भिंगरीला घ्यायला कर्मचाऱ्यांच्या खोलीत गेले, तर तिची पिशवी होती, पाण्याची बाटली होती, ती नव्हती. वाटलं, बाईंसोबत असेल. बाईंना वाटलेलं, माझ्यासोबत आहे. तिथेच माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि आता ऐक, मी काय केलं ते. मी आत शोधलंच नाही. आकडे जुळले होते ना! आत माणूस नाही, म्हणजे पोरगी बाहेर गेली, कुणाच्या तरी कुटुंबात मिसळून, कुणाचा तरी हात धरून. दाराला कुलूप घालून मी तशीच रस्त्यावर धावले. बस स्टॉपवर गेले, औषधाच्या दुकानात विचारलं, पुलापर्यंत जाऊन खाली पाण्यात बघितलं. पुलावरून खाली बघताना मी काय शोधत होते ते मी कागदावर लिहिणार नाही. भिंगरीसारख्याच निळ्या फ्रॉकातली एक मुलगी कुणा माणसाबरोबर चालली होती, मी तिचा दंडच धरला. तो तिचा बाप निघाला. तो मला ओरडत होता आणि मला फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे तुला शंभरदा मी चेष्टेनं म्हटलंय. त्या दिवशी ते खरोखर केलं. बस स्टॉपच्या खांबाला धरून उभी असताना मला सकाळ आठवली. आम्ही दोघी लवकर आलो होतो, मागच्या दारानं, कर्मचाऱ्यांच्या. भिंगरी मोजलीच गेली नव्हती. ना उजव्या हातात, ना डाव्या. ती आत असली तरी आकडे जुळणारच होते. आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट आठवली. पावणेपाचच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ आतून खुर्ची उचलून दारापाशी घेऊन आले होते, सुनेची वाट बघत बसायला, गुडघे दुखतात म्हणाले. मी हसून सरकून त्यांना जागाही दिली होती. खुर्ची मी पाहिली, ठके. ओळखली नाही.

परत पळताना माझी एक चप्पल कुठे गेली ते मला अजून माहीत नाही. बाई दारापाशीच होत्या, त्यांनी माझ्याकडून किल्ली घेऊन कुलूप उघडलं. आत अंधार, बाईंच्या मोबाईलचा उजेड पुढे, आणि त्या उजेडात टेबलाच्या पायाखाली लाल दोरी. दार मिटलेलं होतं. मी बाहेरून हाका मारल्या, आतून काहीच नाही. बुचातून आवाज येत नाही हे मीच रोज लोकांना कौतुकानं सांगते, तरी त्या क्षणी मला त्याचा एकच अर्थ वाटला. कडी उघडेपर्यंत मी मेले होते असं समज.

ती अगदी कोपऱ्यात बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. फ्रॉक ओला झाला होता. ओरडून ओरडून आवाज पार बसला होता, तरी पहिलं वाक्य बोलली ते असं: आजी, मी कशालाच हात नाही लावला. आणि खरंच, तिच्यापासून हातभर अंतरावर भिंतीला तो लोखंडी चिमटा टेकून ठेवलाय, चांगला तीन किलोचा. तो उचलून दारावर आपटला असता तर कडीपाशी तरी खणखणाट झाला असता. पाच वाजायच्या आधी बाई शेजारच्याच दालनात फोटो झाकत होत्या. पण चिमट्यावर पाटी आहे, हात लावू नये. सकाळी मीच तिला ती तीनदा वाचायला लावली होती. दिवे जाण्याआधी तिनं चिमटा पाहिला, पाटी वाचली, आणि अंधारात त्याच्या शेजारी पाऊण तास नुसत्या हातांनी दार वाजवत राहिली. तिचे तळहात अजून हिरवेनिळे आहेत. डॉक्टरांना त्याच संध्याकाळी दाखवलं, हाडाला काही नाही, छाती साफ आहे. खोली मोठी आहे, हवा पुष्कळ तास पुरली असती, असं ते आणि बाई दोघंही म्हणाले. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी वेल्डरनं येऊन कडी कापून नेली, बाईंनी सगळं वर लेखी कळवलं, माझं नाव मीच घालायला लावलं. पाचर मी घरी आणलीय. आता ती संडासच्या दाराखाली असते, कारण भिंगरी ते दार लावून घेत नाही. खरं सांगायचं तर मीही घेत नाही.

आता जे लिहायला तीन दिवस लागले ते. तू सात वर्षांची होतीस, बाबांच्या सायकलवरून पडलीस, कान दगडावर आपटला. बाबा तुला म्हणाले, आईला सांगू नकोस, उगाच घाबरेल. तू पाच दिवस सांगितलं नाहीस. सहाव्या दिवशी मला उशीवर पू दिसला, तोवर डावा कान गेला होता. मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. पोरीला पडू दिलंत त्याचं काही नाही, पण तिला गप्प बसायला शिकवलंत, असं म्हणाले होते. ते बिचारे जाईपर्यंत ते वाक्य विसरले नाहीत, आणि मीही त्यांना विसरू दिलं नाही. तू अजून फोन उजव्याच कानाला लावतेस, आणि प्रत्येक वेळी मला ती उशी आठवते.

रविवारी थंड खोलीच्या उंबऱ्यावर भिंगरीला पोटाशी धरून मी काय म्हणाले असेन? आईला सांगू नकोस. तेच शब्द, ठके, तीच मी. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून म्हटलं, असं दोन दिवस स्वतःला समजावलं. पण ते खोटं आहे. मी म्हटलं ते माझ्यासाठी. तुझं दोन वर्षांचं नर्सिंगचं शिक्षण, तिथल्या हॉस्टेलात मुलांना परवानगी नाही, म्हणून भिंगरी माझ्याकडे राहणार. मी तिच्यासाठी छोटं टेबल घेतलंय, खिडकीपाशी मांडलंय. बाबा गेल्यापासून या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. तुला कळलं तर तू सही करणार नाहीस, या भीतीनं माझी जीभ वळली. आणि ही पोर इतकी शहाणी की तिनं लगेच मान हलवली. जशी चिमट्याला हात न लावता बसली, तशीच हेही गिळून बसली. सोमवारपासून तिचं पोट दुखत होतं. औषध दिलं, लिंबूपाणी दिलं, उतार नाही. आज सकाळी मी तिला म्हटलं की आजी चुकली, आपण आईला सगळं लिहून टाकू. तिनं विचारलं, सगळं म्हणजे फ्रॉकचंपण? म्हटलं, तू म्हणशील तर तेही. थोडा विचार करून हो म्हणाली, आणि दुपारी पोट न दुखता जेवली.

म्हणून हे पत्र. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायला मला तोंड नाही, आणि ठेवू नकोस असं म्हणायचं धैर्यही नाही. सही करायची की नाही ते तू ठरव, पण हे सगळं वाचून ठरव. तू नाही म्हणालीस तर टेबल शेजारच्यांच्या नातवाला देईन आणि तुझ्यावर रुसणार नाही. थोडे दिवस रुसेन. पाकीट पेटीत टाकायला भिंगरी स्वतः येणार आहे. खाली तिनं दोन ओळी लिहिल्यात, त्या मी दुरुस्त केलेल्या नाहीत.

तुझीच,
आई

आई मी खूप ओरडले पण कोणाला आईकू नाही आलं. मला खूप भिती वाटली आणि आजीला पण वाटली ती रडली.