दुसरी मोजणी

१२ नोव्हेंबर, बुधवार

जर्नलकडून उत्तर आलं. नकार नाही, होकारही नाही. एका परीक्षकाला सगळं आवडलंय. दुसऱ्याचा एकच मुद्दा, पण मुळावरचा. ताण दिलेल्या उंदरांना वाढघटक हे द्रव्य दिल्यावर मेंदूत नव्या पेशी वाढल्या म्हणता, त्या मोजल्या कुणी? तुम्ही एकट्यानंच. आता दुसऱ्या माणसाकडून परत मोजून घ्या. कुठली स्लाइड कुठल्या गटातली, हे त्याला ठाऊक नसावं.

बरोबर आहे. राग आला, तरी बरोबर आहे.

तेजलला, म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला, सांगता येत नाही. स्लाइडवरचे नंबर तिनेच टाकलेत. पुण्याच्या एखाद्या लॅबला पाठवता येईल. पण वाचता वाचताच डोक्यात एक नाव आलं. दिनकर.

बारा वर्षांत या वहीत हे नाव लिहिलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. आम्ही दोघं पीएच.डी.ला एकाच सरांकडे. शेजारी शेजारी दोन मायक्रोस्कोप. तो मुरगूडचा, शेतकऱ्याच्या घरातला. लग्न झालेलं, मुलगी लहान. मी राजारामपुरीतल्या मास्तरांची. तोंड माझं, नजर त्याची. ही पेशी की धूळ, हे त्याला दाखवल्याशिवाय मी आकडा लिहीत नसे. पाच वर्षं. त्या बसण्याला काय म्हणायचं, ते मी कधी ठरवलं नाही. ठरवायची वेळच आली नाही.

मग एका जूनमध्ये तो उशिरा यायला लागला. मग दिवसाआड. मग नाहीच. उदास उंदीर गोड सोडतो, म्हणून उंदीर साखरपाणी किती पितात ते मी रोज वजन करून लिहीत होते. आणि शेजारचा माणूस डबा न उघडता घरी नेतोय, हे

राहू दे.

मग मनाच्या आजारानं तो दवाखान्यात. तिथं एकदा गेले होते. तो भिंतीकडे तोंड करून. दहा मिनिटं बसले आणि उठले. परत गेले नाही. हे खरं.

१४ नोव्हेंबर

नंबर मिळवला. फोन त्याच्या बायकोनं उचलला, शालनवहिनींनी. मी नाव सांगितलं. मग, "लॅबवाल्या व्हय? या की. आयतवारी हायेत घरात."

१६ नोव्हेंबर, रविवार

मुरगूड. कागलच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास.

तो गोठ्यात होता. चार म्हशी, एक रेडकू. केस पांढरे, अंगानं भरलाय. मला बघून हात धुतले. परत धुतले. "पावणं आलं की," एवढंच. बारा वर्षांनी एवढंच, आणि मला ते पुरलं.

सोप्यात चहा. मी कागद काढून सगळं सांगितलं. तो खाली बघत ऐकत होता. वहिनीच म्हणाल्या, "म्हंजे उंदराला करतासा तरी काय?"

सांगितलं. रोज ठरावीक वेळ अरुंद नळीत अडकवून ठेवतो. त्या ताणानं मेंदूत नव्या पेशी उगवायच्या कमी होतात. मग एक द्रव्य देतो आणि बघतो, परत उगवतात का.

"उगवत्यात?"

"माझ्या मोजणीत तरी उगवतात."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो उठून वैरण टाकायला गेला. ना हो, ना नाही.

गाडीपर्यंत वहिनी आल्या. आवाज चढवला नाही. "ताई, बारा वर्सं झाली. माणूस सकाळी उठतंय, धार काढतंय, डेअरीला दूध घालतंय. गोळी रोज घेतंय. मला तेवढंच पायजे. ती काच परत डोळ्याला लावली आन् काय झालं, तर तुमी येणार हाईसा व्हय बघायला?"

येईन म्हणायचं होतं. दवाखान्यातली ती दहा मिनिटं आठवली. स्लाइडची पेटी घेऊन परत.

१७ नोव्हेंबर

पुण्याला पत्र लिहायला घेतलं. दोन ओळींच्या पुढं गेले नाही. दिवसभर त्याचे हात डोळ्यांपुढं. दोनदा धुतलेले.

१९ नोव्हेंबर

वहिनींचा फोन. आपणहून.

"घिऊन या ती पेटी."

मी म्हटलं, का, काय झालं?

"तुमी गेल्यापास्नं बसल्या जागी आंगठा हालवत्यात. टक टक टक. म्हटलं, काय करालायसा? तर म्हणत्यात, मोजालोय." मग, "हासत म्हणालं ओ. पर एक हाय. पेटी हितं ठिवून जायाचं न्हाई. तुमी बसल्यावरच बघू दे. उठलासा की पेटी बी उठली पायजे."

कबूल. टक टक म्हणजे अंगठ्यानं दाबायचं ते मोजणीचं यंत्र. मला ते लक्षातही नव्हतं. त्याच्या अंगठ्याला होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

जुना मायक्रोस्कोप चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर, पट्टा लावून नेला. सोप्यात खिडकीपाशी टेबल. वहिनी उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या, नजर त्याच्यावर.

आधी त्याने नुसतं काचेत बघितलं. किती वेळ कोण जाणे. मग म्हणाला, "फोकस कुणी बिघडवलाय ह्येचा?" आणि स्वतःच नीट केला.

काम संथ. पूर्वीसारखं नाही, दर स्लाइडनंतर डोळे मिटून बसतो. घाई करू नको म्हटलं, तर म्हणाला, "घाई कोण करालंय? तूच पाय हालवालीस."

मी पाय हलवत होते.

दुपारी गोठ्यामागं, त्याला पाणी पाजायचं होतं म्हशींना, तेव्हा मी म्हणून टाकलं. त्या वर्षी मला दिसायला हवं होतं. शेजारी होते. विचारायला हवं होतं.

त्यानं बादली भरली. "इचारलं असतंस तर मी काय न्हाई म्हटलं असतं. सगळ्यास्नी तेच सांगत हुतो." मग, "दवाखान्यात आलतीस ते ठावं हाय मला. पाठ हुती माझी, कान न्हवं."

मी म्हटलं, परत आले नाही.

"व्हय," तो म्हणाला. "आली न्हाईस."

सोडलं नाही त्यानं मला. बरं केलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळ्या स्लाइड झाल्या. शेवटी एका स्लाइडवरून जुंपलीच. मी पेशी म्हणते, तो म्हणतो रंगाचा डाग. नव्या पेशीला बारीक शेपूट फुटलेलं असतं, डागाला नाही. "नीट बघ की गं. ह्येला शेपूट कुठं हाय?" मी बघितलं. शेपूट नव्हतं. दोघं एकाच खुर्चीत अर्धे अर्धे, एक डोळा त्याचा, एक माझा, काही क्षण. पंचविशीतला वास आला, स्पिरिटचा. मग वहिनींनी जेवायला हाक मारली.

निघताना मायक्रोस्कोप उचलला, तर त्यानं चादर हातात घेतली आणि स्वतः गुंडाळला. फार हळू.

२ डिसेंबर, मंगळवार

कुठला नंबर कुठल्या गटाचा, त्या चिठ्ठ्या आज तेजलनं उघडल्या.

निरोगी गट: आकडे जुळतात. नुसता ताण दिलेला गट: जुळतात. वाढघटक दिलेला गट: त्याचे माझ्यापेक्षा कमी. दर स्लाइडला कमी. फरक राहतो, पण मी दाखवला होता तेवढा नाही. त्याच्या जवळपासही नाही.

दार लावून बसले. कारण मला माहीत आहे. त्या गटाच्या स्लाइड वेगळ्या दिवशी रंगवलेल्या, जरा गडद. नंबर झाकलेला होता, पण रंग दिसत होता. मला कळत होतं कुठला गट. कळत नाही असं धरून मी मोजत गेले, आणि प्रत्येक डागाला शेपूट दिलं.

खोटं केलं नाही. पण हवं ते बघितलं. कुणासाठी हवं होतं, ते लिहीत नाही.

३ डिसेंबर

त्याला फोन. म्हटलं, तुझे आकडे खरे, माझे नाहीत. पेपर आता तेवढा राहत नाही, कदाचित घेणारही नाहीत.

मागं म्हशींचा आवाज. मग, "म्हंजे उंदराला बरं वाटलंच न्हाई?"

"वाटलं. थोडं."

"थोडं?" तो म्हणाला. "वैजू, थोडं म्हंजे कमी वाटतंय व्हय तुला? भिंतीकडनं हिकडं तोंड वळवायला मला सात म्हैने लागलं. ते थोडंच हुतं की."

मग तो म्हणाला, "लिही मग. थोडं म्हणूनच लिही."

५ डिसेंबर, शुक्रवार

सगळं परत लिहून पाठवलं. त्याची मोजणी. माझी चूक, रंगाच्या गडदपणासकट. मोजणाऱ्याचं नाव घालू का, असं त्याला विचारलं होतं. वहिनी फोन घेऊन म्हणाल्या, "घाला. पर खाली दूध उत्पादक असं बी लिवा." मागून त्याचं हसणं. ते ऐकायला मी फोन कानाला लावून ठेवला, तिकडून ठेवून दिला तरी.

७ डिसेंबर

रविवार. जायला काही कारण नाही. रंकाळ्याला दोन फेऱ्या. पेटी बंद, मायक्रोस्कोप लॅबमध्ये. त्याच्या घरचा तो शेंगा आणि गोठ्याचा वास कोटाला आलाय. कोट धुवायला टाकला नाही.

९ डिसेंबर

त्याचा फोन. गुरुवारी गोळ्यांसाठी कोल्हापुरात यायचंय. "लॅब बघावी म्हणतोय. जमलं तर."

वहिनींना सांगितलंस का? "सांगिटलंय. गप बसलीया."

११ डिसेंबर, गुरुवार

अकरापर्यंत आला नाही. बारालाही नाही. फोन करायचा नाही असं ठरवलेलं, केला नाही. सव्वा वाजता त्याचाच आला. मागं एसटीचा आवाज.

"गेटपातूर आलतो गं. वॉचमननं इचारलं, कुणाला भेटायचंय. सांगाय तोंड उघडलं आन्... पाय आत जाईनात. तासभर हुतो उभा. आता कागलच्या पुढं हाय."

गेट म्हणताच मी फोन कानाला धरूनच खाली पळाले होते. गेटवर कुणी नाही. वॉचमन म्हणाला, "व्हय म्याडम, एक पावणं हुतं झाडाखाली. पानी दिलं म्या."

त्याला म्हटलं, पुढच्या महिन्यात येशील तेव्हा आत नको यायला. रस्त्यापलीकडं चहाची गाडी आहे, मी तिथं येऊन थांबते.

मागं एसटीची घंटी वाजली.

"गाडीवर चालंल," तो म्हणाला. आणि मग, "बघू."