लोकरी मोजे आणि तेहतीस अंश

ती. वन्संना सादर नमस्कार.

तुमचे गुडघे, खोकला, झोप, सगळं ठीक असेलच. आम्हीही ठीक आहोत (हे सवयीनं लिहिलं गेलं, खोडाखोड बघून तुम्ही घाबराल, म्हणून राहू देते). फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आज मला बोलवत नाही, म्हणून गाडीवाल्याच्या हाती हे पत्र.

तुमच्या भावाला सकाळी हार्ट अटॅक आला. दुकानात फ्रिजचा कॉम्प्रेसर बसवता बसवता स्वतःच खाली बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बंद पडलेली शीर उघडताना अंग सदतीसवरून तेहतीस अंशांपर्यंत गार करू, म्हणजे हृदयाची नासाडी कमी होईल. पद्धत नवी आहे, सही लागेल. वन्सं, मला भीतीनं हसू फुटलं. तीस वर्षं ज्यांनी लोकांचं दूध नासू दिलं नाही, त्यांनाच आता नासू नये म्हणून गार करणार! अंगाखाली गार पाण्याची गादी, शिरेतून गार सलाईन. दात कडकडत असतानाही हे टेक्निशियनला सांगत होते, "या गादीच्या पंपाचा आवाज बरोबर नाही, उघडून बघा." तो म्हणाला, "काका, आधी तुमचा बघू द्या."

शीर उघडली. मला आत सोडलं तर यांचे पाय बर्फ. तुमच्या धाकानं तुम्ही विणलेले मोजे माझ्या पिशवीत बारा महिने असतात. नर्सची पाठ वळताच मी ते चढवले आणि मग मनात आलं: अंश वाढले तर? माझ्या मायेनंच हृदय नासलं तर? काढायला गेले, एकच निघाला तोवर नर्स वळली. तिच्यापुढे रडत कबुली दिली. ती म्हणाली, "राहू द्या हो काकू. पाय उबदार असले की कुडकुडणं कमी होतं. आपल्याला हृदय गार हवंय, पाय नाही." काढलेला तिनंच परत चढवला.

आता हळूहळू ऊब देतायत. हृदय किती वाचलं ते संध्याकाळी कळेल. दुधावर ठेवावी तशी मी मशीनवरच्या अंशांच्या आकड्यावर नजर ठेवून बसलेय.

काळजी नको. या गुडघ्यांनी प्रवास तर मुळीच नको. मी खंबीर आहे.

तुमची भावजय

ता. क. तुम्ही विचारालच म्हणून: मोजे यांना घट्ट होत नाहीयेत.

दुसरा ता. क. खंबीर वगैरे वाचू नका. गाडीवाल्याला तुमच्या दाराशी थांबायला सांगितलंय, मागच्या सीटवर गुडघ्यांसाठी उशी आहे. यांचा हात अजून गार आहे, वन्सं. मला एकटीला तो धरवत नाही.