खडपाच्या वाटेवरचा दिवा

बुधवार (वार नानीला विचारून लिहिला)

प्रिय महनूर,

दुआ. पत्र बघून हसशील. फोन असताना नानाला हे काय सुचलं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. त्या दिवसाचा विषय निघाला की ‘जाऊ दे ना नाना’ म्हणतेस आणि नानीला फोन द्यायला लावतेस. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप. उद्या अल्तमशमामा पनवेलला येतोय, त्याच्याबरोबर देतो. त्याने वाटेत उघडून वाचू नये म्हणून नानीने पाकीट भाताच्या शितांनी चिकटवून दिलंय.

परवा तुझ्या अम्मीचा फोन आला. दहावीला ब्याण्णव टक्के, गणितात अठ्ठ्याण्णव, आणि पोरीने फॉर्म भरलाय कॉमर्सचा. इंजिनीअरिंगच्या डिप्लोमाचा फॉर्म मंगळवारपर्यंत भरता येतो म्हणे, पण तू ते पान उघडायलाही तयार नाहीस. अम्मीने कारण विचारलं तर म्हणालीस, माझा दिवा चुकला आणि एक माणूस बुडता बुडता वाचला, ते काम माझं नव्हे. तो माणूस मी. तेव्हा मंगळवारच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं.

इकडचं सगळं ठीक. मोरूने होडीला नवीन इंजिन बसवलं आणि आता इंजिनापेक्षा जास्त आवाज तोच करतो. नानीच्या दोन कोंबड्या मुंगसाने नेल्या. शिव्या मात्र मी खाल्ल्या. पूनम मॅडम अजून आपल्याच शाळेत आहेत. मागच्या आठवड्यात बाजारात भेटल्या. तुझी चौकशी केली, तब्येतीचं विचारलं, त्या निळ्या बोर्डांचं काही बोलल्या नाहीत. ते सगळे बोर्ड शाळेच्या कपाटात कुलपात आहेत, चावी हेडमास्तरांकडे.

मॅडम नवीन आल्या, तू नववीला आमच्याकडे होतीस, तेव्हाचं आठवतं का तुला? साताऱ्याकडची बाई, समुद्र पहिल्यांदा बघितला तो नोकरीच्या गावी. येताना खोकाभर ते निळे बोर्ड घेऊन आल्या, तळहाताएवढे, वायरी जोडून हिशोब शिकवला की आपोआप दिवे-भोंगे चालवणारे. एका बऱ्यापैकी पापलेटाच्या किमतीत एक बोर्ड येतो, असं त्यांनी पालकसभेत सांगितलं, आणि आपल्या लोकांना तो हिशोब लगेच पटला. मग काय, नववीच्या वर्गाने गावाला वेड लावलं. कोणाची टाकी भरली की पिपाणी वाजायची. सुचिताने वाळत घातलेल्या सुपारीसाठी पावसाचा भोंगा केला. पहिल्या दिवशी त्यावर कावळा हगला आणि तिच्या घरच्यांनी ऐन उन्हात सगळी सुपारी गोळा केली. तू पहिल्या आठवड्यात नुसता एक दिवा लुकलुकवत बसायचीस, एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. नानी म्हणायची, पोरीला नजर लागली.

मग तू भरतीचा दिवा काढलास. खडपावर, किनाऱ्याच्या त्या खडकांत, कालवं काढायला जाणाऱ्या बायकांसाठी. तिथे कसं आहे ते तुला माहीत आहे. माणूस पुढे कालवं फोडत बसतो आणि पाणी मागची घळ आधी भरतं. पुढे बसलेल्याला कळतच नाही की परतीची वाट गेली. वाटेच्या तोंडाशी खांबावर एक डबा, पाणी उतरतंय तोवर हिरवा दिवा, पाणी वळलं की लाल. कल्पना चांगली होती. हे तेव्हा मी म्हटलं नव्हतं, आता म्हणतो.

त्यासाठी तू वही घेऊन माझ्यासमोर ओट्यावर बसलीस. मी एकतीस वर्षं दिघीहून आगरदांड्याला लाँच नेली, सारंग म्हणून निवृत्त झालो, पाण्याचं मला विचारायचं नाही तर कोणाला? मी सांगितलं: चांदाची तारीख घे, त्यात एक मिळव, त्याची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता पाणी भरतं; त्याच्या सहा तास आधी सुकती, म्हणजे पाणी पुरतं ओसरलेलं. हे मला माझ्या बापाने सांगितलं, त्याला त्याच्या बापाने. तू विचारलंस, ढगांमुळे चांद दिसला नाही तर? मग स्वतःच म्हणालीस, बोर्डाला आभाळ दिसतच नाही नाना, त्याला फक्त मोजता येतं. साडेएकोणतीस दिवसांचा हिशोब घातलास, पैशाएवढा सेल लावलेलं घड्याळ जोडलंस, नानीच्या लोणच्याच्या डब्यात सगळं बसवलंस. काम झाल्यावर टाळी वाजवून ओरडलीस, नाना, तुमचं सगळं चार ओळींत बसलं!

तू आनंदाने म्हणालीस, मला ठाऊक आहे. मी हसलो आणि आत गेलो. आत जाऊन पाणी प्यालो. तहान नव्हती.

दिवा लागण्याआधी खडपाकडे जाणारी प्रत्येक बाई आपल्या ओट्यापाशी थांबायची. ‘नाना, पाणी कवा वळतंय?’ मी सांगायचो, थोडं इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं, येताना कोणी वाटीभर कालवं ठेवून जायची. दिवा लागला आणि तिसऱ्या दिवसापासून त्या सरळ जायला लागल्या. लांबून हात करायच्या. वाईट कोणीच वागलं नाही. पण निवृत्त झाल्यावर माणसाकडे उरतं काय? मला जे येत होतं, त्यातलं एवढंच उरलं होतं, आणि ते आता लोणच्याच्या डब्यात होतं.

आता तो दिवस. कोळीवाड्यात हळद होती, खडपावर चिटपाखरू नव्हतं. तू शाळेत होतीस. मी सकाळी दहाला गळ आणि पिशवी घेऊन निघालो. नानीला सांगितलं की साडेदहाला सुकती आहे, बारापर्यंत येतो. पुढचं गावाला माहीत आहे. साडेअकराला मागे वळून पाहिलं तर घळ भरलेली. घाईत उतरायला गेलो, पाय घसरला, गुडघा कालवांवर कापला आणि घोट्याचं हाड मोडलं. पाणी छातीला लागेपर्यंत मी दगडाला धरून होतो. मोरू पाहुण्यांना होडीतून आणत होता, त्याने पाहिलं म्हणून आज हे लिहितोय. होडीत ओढून घेतल्यावर तो पहिलं काय बोलला असेल? ‘आवो नाना, तुमाला पाणी कळत न्हाय व्हय?’ होडीत आठ-दहा पाहुणे बसलेले, नटूनथटून. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, दिवा हिरवा होता.

माझं वाक्य मी गावात पोचायच्या आधी गावात पोचलं. लोक दिव्याकडे धावले, तेव्हा तो लाल होता. आता लाल होऊन काय उपयोग, असं म्हणाले. संध्याकाळी खांब उपटला. दोन दिवसांनी शाळेत सभा झाली, मॅडम उभ्या राहून ऐकत होत्या, आणि सुचिताच्या भोंग्यासकट सगळं कपाटात गेलं. तू चार दिवस वही घेऊन बसलीस. नानी सांगायची, जेवत नाही, नुसती आकडे लिहिते आणि खोडते. पाचव्या दिवशी माझ्या खाटेपाशी आलीस. पायाला प्लास्टर, मी भिंतीकडे तोंड करून पडलेला. तू म्हणालीस, ‘नाना, मला गणितात चूक सापडत नाही. पण तुम्ही हिरवा पाहिलात, म्हणजे चूक असणारच.’ मी म्हटलं, होतं असं बाळ, जा, जेवून घे.

‘होतं असं बाळ’ हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा मनात बोललो असेन, मोजलेलं नाही.

आता सरळ लिहितो. दिवा लाल होता, महनूर. उन्हात नीट दिसेना म्हणून मी हाताचा आडोसा करून पाहिलं. लाल होता. डब्यावर टिचकी मारली, तरी लालच. त्या दिवशी चांदाची तारीख होती तीन. त्यात एक मिळवून चार, पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती, सकाळी नऊला सुकती. मी दहाला उभा होतो, पाणी वळून तास झाला होता. पण माझ्या डोक्यात तारीख होती पाच. मी दोन दिवस पुढे होतो. कसा, ते आजही सांगता येत नाही. आभाळ स्वच्छ होतं, चांद रोज दिसत होता. डबा बरोबर होता आणि मी चूक होतो. आणि लाल दिवा बघून मला काय वाटलं तेही लिहितो. मला आनंद झाला. पोरीचं गणित चुकलं, आता पुन्हा लोक ओट्यावर येतील, असं वाटलं. मी जवळजवळ शीळ घालत खडपावर गेलो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं झालं. पाण्यातून बाहेर निघालो तरी सारंग असल्याचा ताठा जाईना. पाहुण्यांसमोर एक शब्द बदलला आणि मग तो परत घ्यायला रोज थोडं जास्त जड होत गेलं. नानीला माहीत असावं. कोणी ती गोष्ट काढली की ती उठून आत जाते. मी विचारलेलं नाही, तिने सांगितलेलं नाही.

खांब उपटला तेव्हा डबा मोरूने माझ्याकडे आणून दिला होता, नाना याला तुम्हीच समुद्रात फेका म्हणून. मी फेकला नाही. पेटाऱ्यात तळाशी ठेवला. गेल्या रविवारी बाहेर काढला, नवे सेल घातले आणि ओट्यावर ठेवून समोरच्या धक्क्याच्या पायऱ्यांवरचं पाणी बघत बसलो. हिरवा लागला. पाणी पाचव्या पायरीवरून वळलं, आणि चहा संपायच्या आत डबा लाल झाला. तो छोटा सेल आत चालूच होता. दीड वर्ष अंधारात पडून त्याने एक दिवसही चुकवला नाही.

माझं तसं नाही. महिन्यापूर्वी अल्तमश मला म्हसळ्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी वार विचारला, मी गुरुवार सांगितला. सोमवार होता. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातला एक राहिला. मग ते बाहेर मामाशी हळू आवाजात बोलले. कान अजून शाबूत आहेत, मी ऐकलं. तारखेतले ते दोन दिवस मी कुठे हरवले होते, ते तेव्हा कळलं. हे वाढत जाणार आहे. भीती वाटते, नाही असं नाही. पण मोठी भीती दुसरीच आहे. खोटं सगळ्या गावाला पाठ आहे, आणि खरं एकट्या माझ्या डोक्यात आहे. ते डोकं आता भरवशाचं राहिलेलं नाही. म्हणून घाईने लिहिलं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर सगळ्यांना सांगणार आहे, शनिवारी मोरूला आणि मॅडमना. पण तुला आधी कळायला हवं होतं. कॉमर्स घे की डिप्लोमा घे, मी सांगणारा कोण. फक्त चुकीच्या कारणाने घेऊ नकोस. तुझं गणित बरोबर होतं आणि माझ्या शब्दाखातर तू ते खोडलंस. तेवढं परत लिही. आणि हे पत्र जपून ठेव. पुढे कधी मीच तुला सांगायला लागलो की त्या दिवशी दिवा हिरवा होता, तर रागावू नकोस, हे माझ्यासमोर धर. अक्षर माझंच आहे, ओळखेन.

तुझाच,
नाना