कच्च्या वाटेपुरती हवा

आई, काल अण्णांना जालन्याहून घरी आणलं. कंबरेचं ऑपरेशन नीट झालंय, फक्त हादरा बसू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी गाडी घेतली, चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी, कारण पिंपळगाव रेणुकाईच्या पुढची आपली वाट पावसात अजून तशीच होते. अण्णांना तिच्यात मागं आडवं करून आणायचं ठरलं आणि चाकांत हवा किती ठेवायची यावरून माझं नि धाकट्या भावाचं वाजलं. तो म्हणे पंचवीसवर आण, गादीवानी चालंल. मी म्हणाले, दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला आहे, एरवी तेहतीस, गाडी भरलेली असली की मागं छत्तीस. डांबरीवर वेगात मऊ टायर सारखा दबतो, आतून तापतो आणि फुटू शकतो. शिवाय या गाडीत डाव्या-उजव्या चाकांत हवेचा फरक ठेवून चालत नाही, सगळा ताण आतल्या गिअरांवर येतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, गाडीचं राहू दे. माणसाचं बघ."

त्या दिवशी दवाखान्याच्या जीपमध्ये तूही जवळपास हेच म्हणाली होतीस. मी कॉलेजला जायला म्हणून पुढं ड्रायव्हरकाकांशेजारी बसलेय, मागं तू आणि ती अवघडलेली बाई. बाळ पायाळू आहे, म्हणून तिला जालन्यालाच न्यायचंय. कच्च्या वाटेवर ती प्रत्येक खड्ड्याला ओरडते, तू जीप थांबवून हवा सोडायला लावतेस, आणि जीप खरंच मऊ चालते. भोकरदनला काका टायरच्या दुकानापाशी वेग कमी करतात. "सिस्टर, हवा भरून घेऊ. डांबरीवर टायर न्हाई टिकायचा." तू बाईच्या पोटावरचा हात न काढता म्हणतेस, "टायम न्हाई. चला."

राजूरच्या अलीकडं मागचा टायर फुटला. जीप कडेला गेली, उलटली नाही एवढंच. ती बाई तिथंच बाळंत झाली, मी आणि काकांनी तोंडं फिरवून लुगड्याचा आडोसा धरला होता. बाळाचे पाय आधी आले, मग बराच वेळ काहीच नाही, मग रडण्याचा आवाज. दोघी जगल्या. काका काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "मी सांगितलं म्हणून झालं." घरी तू अवाक्षर काढलं नाहीस. अण्णांना ते बाहेरून कळलं.

काल सकाळी टायर गार असतानाच मी चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे हवा भरली. जालना ते पिंपळगाव तशीच आले. डांबरी संपली तिथं थांबले. टायर तापल्यानं आकडा वाढलेला होता, तेवढा हिशेबात धरून चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. पाय टाकत जावं तशी गाडी हळूहळू नेली. भावाचं नि माझं भांडण तिथं मिटलं म्हणायचं. दारात पोचल्यावर पंप लावला, तेव्हा अण्णांनी काय करून राह्यली विचारलं. म्हटलं, सोडलेली हवा परत भरते.

त्यांनी पंपाचा आवाज थांबू दिला. मग म्हणाले, "तिनं भोकरदनला थांबायला पाहिजे होतं."

इतक्या वर्षांत या विषयावर ते पहिल्यांदाच बोलले. जीपमध्ये ते नव्हते, मी होते, म्हणून ते माझ्याकडं बघत राहिले. मी हो म्हणाले. त्यांना आत घेतलं, उशी सरकवून दिली, औषध दिलं.

हे तुला पोचणार नाही, म्हणून लिहिते. मला त्या बाईचं ओरडणं आठवतं, टायरचा आवाज आठवतो, आणि थांबायला हवं होतं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हो मी उगाच म्हणाले.