सुषमाच्या तळपायाचं वायरिंग

३ फेब्रुवारी, सकाळी ७
महिना झाला, सुषमा हॉलमध्ये झोपते. कारण मेनोपॉज. अंगातून वाफा निघतात, बेडरूम तापते म्हणते. बेडरूमच्या पंख्याची मोटर मी स्वतः वाइंड केलीय, तेव्हा दोष पंख्यात नाही.
संकल्प : होळीच्या आत बायको बेडरूममध्ये परत.

५ फेब्रुवारी
कॅम्प दोनच्या माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात शेजारचा भूपेश पडदेवाला येऊन बसला. हळूच म्हणाला, "भाऊ, मेरी मिसेस का भी ऐसाइच था. फूट मसाज चालू किया, एकदम कूल." मोबाइलवर तळपायाचा चार्ट पाठवला. बघतो तर काय, वायरिंग डायग्राम! अंगठ्यात डोकं, टाचेपाशी गर्भाशय. माझी शाळा आठवीपर्यंत, पण मोटर दुकानात शिरायच्या आधी आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. बायको काय अवघड आहे?

६ फेब्रुवारी
पहिलं सिटिंग. सुषमा सीरियल बघत होती. पाय ओढून घेतला, टाच दाबली. ओरडली. म्हणजे पॉइंट बरोबर.

७ फेब्रुवारी
आज ओरडली नाही. डोळे मिटून, दात आवळून पडून राहिली. प्रगती. बरं वाटतंय का विचारलं. "हो. सोडा आता."

१२ फेब्रुवारी
सुषमा मोजे घालून झोपायला लागली. वाफा निघणारी बाई मोजे घालेल? उष्णता उतरली!

१५ फेब्रुवारी
सुषमाच्या डॉक्टरीणबाईंना चार्ट दाखवला. म्हणाल्या, मसाजने मन सैल होईल, झोप बरी लागेल कदाचित, पण वाफांचं औषध ते नव्हे. गोळ्यांचं वेगळं बघू. आणि मसाज त्यांना आवडत असेल तरच हं. शेवटचं फॉर्मॅलिटी म्हणून बोलल्या असाव्यात.

२० फेब्रुवारी, दुपार
सुषमाने परस्पर भिकीला बोलावलं. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, बाळंतिणींना तेल लावते. "शेठ, तुमी भायेर बसा." बसलो. कान शाबूत आहेत.
आतून : "बाय, हात लावू?" "आज खांदाच." "हितं लावू?" "नको." "बरं." आणि खरंच लावला नाही! अशाने काम कधी उरकायचं?
शेवटी सुषमा हसली. हा आवाज वर्षभर ऐकला नव्हता. तेल भारी असणार.

२१ फेब्रुवारी
भिकीला तेलाचं विचारलं. "खोबरेल हाय शेठ, दुकानातला." सांगायचं नाही तर नको सांगू.

१ मार्च
भिकीच्या पाड्यावर लग्न, ती आली नाही. चान्स. खोबरेल कोमट केलं, खांद्यावर हात टाकला. सुषमाने खांदा काढून घेतला. म्हणाली, "अहो, तुमचा हात आला की मी श्वास धरून बसते. लग्न झाल्यापासून."
मी म्हटलं, श्वास धरायचा नाही, सोडायचा. चार्टमध्येही तसंच लिहिलंय.
ती उठली आणि तेलाची वाटी आत नेऊन ठेवली.

९ मार्च
चिखलोलीला आमचा रिकामा फ्लॅट आहे, सुषमाने त्याची किल्ली मागितली. थोडे दिवस राहून बघते म्हणे. हवापालट उत्तम. गादी मीच टेम्पोत चढवली. सिंगल मागितली तिने. डबल त्या खोलीत मावत नसेल.

१३ मार्च
होळी. संकल्पाची मुदत वाढवली. पाडवा.

२० मार्च
फोन केला. बरी आहे. भिकी जाते तिच्याकडे. मागून दोघींचं काहीतरी चाललं होतं. काय ते ऐकू आलं नाही. रेंज नसते तिकडे.

३० मार्च, पाडवा, संध्याकाळ
श्रीखंड घेऊन चिखलोलीला गेलो. बेल दाबली. सुषमाचा चेहरा भरलाय. वाफा अजून येतात म्हणाली. आल्या की खिडकीत बसते. पण झोप लागते.
मला खुर्ची दिली. पाणी दिलं, ग्लासाखाली बशी.
विचारलं, पाय दाबून देऊ? असं विचारायची माझी पहिलीच वेळ. "नको," म्हणाली. बरं म्हटलं. हात मांडीवर ठेवून बसलो. हातांचं काय करायचं कळेना.
निघताना दारापर्यंत आली. "या हं परत."
जिना उतरताना खूश होतो. स्वतःहून बोलावलं!
रिक्षा शिवमंदिरापर्यंत आली तेव्हा लक्षात आलं. नवऱ्याला कुणी असं म्हणत नाही. पाहुण्याला म्हणतात.